कारण फळ्यावर, उत्तर वहीत

गोंदियाजवळ फुलचूरला माझा इंग्रजीचा क्लास आहे. भरतीची परीक्षा देणारी मुलं येतात. शिकवायची माझी एक रीत होती आणि तिचा मला भारी टेंभा होता. वहीत फक्त प्रश्न आणि उत्तर लिहायचं. उत्तर तेच का, हे मी फळ्यावर समजावणार आणि पुसून टाकणार. कारण वहीत ठेवलं की पोरं निर्धास्त होतात, ते डोक्यातच राहिलं पाहिजे, असं मी छाती फुगवून सांगायचो.

रोवणी, म्हणजे भाताची लावणी लागली की खेड्यातली पोरं शेतावर जातात आणि निम्मे बाक रिकामे होतात. मी धानवाल्या घरातला, बांधीतल्या चिखलात वाढलेला, मला हे कुणी सांगायला नको होतं. तरी दोन वर्षांपूर्वी गोंदिया शहरातल्या मुलांनी सिलॅबस कब पूरा होगा म्हणून डोकं खाल्लं, आणि मी रोवणीच्याच आठ दिवसांत पॅसिव्ह व्हॉइस आणि कंजंक्शन दोन्ही उरकून टाकली.

बोदलकसा गावाकडची एक मुलगी रोवणी आटपून परत आली. पायांना चिखल्या झालेल्या, पाऊल धड टेकवत नव्हतं. लिपिकाच्या परीक्षेला वयाच्या अटीत बसायची तिची ती शेवटची खेप होती. सुटलेलं परत शिकवाल का, असं तिनं विचारलं. पुढची बॅच दारात उभी होती. मी खेकसलोच, कुणाची तरी वही उतरवून घे म्हटलं. तिनं उतरवली, अख्खी पाठ केली. चाचणीत मी वहीतलेच प्रश्न टाकले, तिला पैकीच्या पैकी मिळाले, आणि वर्गासमोर मी तिचं कौतुक केलं. आज ते आठवलं की लाज वाटते.

निकालानंतर ती आली. थोडक्यात हुकली होती. पेपराची छापील प्रत आणि वही तिनं माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"सर, हे वाक्य तं वहीत नव्हतं."

आवाजात तक्रार नव्हती, म्हणून जास्तच लागलं. वहीतल्या वाक्यात पत्र लिहिलं जात होतं, पेपरातल्या वाक्यात पूल बांधला जात होता. एवढाच फरक. मी वही चाळली. पानामागून पान नुसती उत्तरं, नीट अक्षरात. कारण एकही नाही. असणार कुठून, ती सगळी मी पुसली होती.

मी चहा मागवला, दुसऱ्या कुठल्याशा भरतीचं बोलू लागलो. तिनं मला मध्येच थांबवलं.

"परीक्षा तं आता नाही देता येत, सर. पण काऊन चुकलं, थे समजू द्या."

मी खडू घेतला. आधी पॅसिव्ह, मग ‘ऑलदो’ कुठे आणि ‘बिकॉज’ कुठे. तिनं दोन शंका विचारल्या आणि पेपरातले चुकलेले प्रश्न स्वतःच सोडवले. सगळे बरोबर आले. कारणं ती वहीत लिहून घेत होती, मी नको म्हणालो नाही.

ती गेल्यावर मी घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं लागली होती.