माहेरची झोप

आथोबाईच्या हाताला समुद्राचा वास कायमचा चिकटला होता. चाळीस वर्षं दारात बसून कालवं फोडल्यावर दुसरं काय होणार? तैवानच्या त्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर निम्मं गाव हेच करी. भल्या पहाटे पुरुषांनी बांबूंच्या मांडवांवरून कालवांच्या माळा काढून आणायच्या, आणि बायकांनी बुटक्या स्टुलांवर बसून दुपारपर्यंत ती फोडायची. सुरीचं टोक शिंपल्याच्या फटीत घालून एक हिसडा दिला की झालं. आथोबाई हे काम झोपेतही करील असं गावातल्या बायका म्हणत. तशी ती बोलायला फटकळ, हसायला मोकळी. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा कोकहिंग आणि सून लेग्वे यांच्या घरात ती कुणाच्या अध्यातमध्यात नसे. आपण आणि आपली सुरी.

मुलगी बीसिऊ तीन गावं पलीकडे दिलेली. सासरी कोळंबीची तळी. त्या वर्षांत कोळंबीनं लोकांना वेड लावलं होतं. ज्यानं त्यानं भातखाचर खणून त्यात खारं पाणी सोडलं. तळ्यात दाटीनं कोळंबी, म्हणून पाण्यात हवा मिसळायला विजेवर फिरणारी चाकं. रात्रंदिवस फडफड, फडफड. चाक थांबलं तर तासाभरात सगळी कोळंबी उलटी होऊन वर येते. बीसिऊचा पलंग नेमका तळ्याकडच्या खिडकीशी होता.

दिवस गेल्यावर सातव्या महिन्यापर्यंत तिनं कुरकुर केली नाही. मग मात्र आईला फोन आला, वाण्याच्या दुकानात.

"आई, मला झोपच येत नाही गं. पाय पसरले की त्यांच्या आत काहीतरी वळवळतं. उठून चाललं की थांबतं, आडवं झालं की पुन्हा सुरू. त्यात ती चाकं."

"मेली ती चाकं! पलंग हलव ना तिथून."

"सासूबाई नाही म्हणतात."

सासूबाईंचंही बरोबर होतं, हे आथोबाईला कबूल करावं लागलं. पोटुशीच्या खोलीत गर्भदेव राहतो. आज दारात, उद्या पलंगाशी, परवा चुलीजवळ. तो कुठं आहे ते पंचांगात रोजच्या रोज छापलेलं असतं. त्याला धक्का लागला तर बाळाला व्यंग येतं. पलंग हलवायचा नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, गादीवर कात्री ठेवायची नाही. आथोबाईनं आपल्या दोन्ही बाळंतपणांत हे पाळलं होतं. तिनं फोनवर नुसता सुस्कारा सोडला आणि "गरम पाण्यात पाय बुडवून बस" एवढं सांगितलं.

नववा लागला आणि बीसिऊ चार दिवसांसाठी माहेरी आली. बसमधून उतरली तेव्हा आथोबाईला क्षणभर ओळख पटली नाही. पोट तेवढं पुढं, बाकी सगळी आत गेलेली. डोळ्यांखाली काळं.

"अगं, हे काय करून घेतलंस?"

"आई, नंतर बोलू. मला आधी आडवं होऊ दे."

माशाची पेज दोन वाट्या कशीबशी पोटात घालून ती आईच्या पलंगावर कलंडली. आथोबाई पायाशी बसली. कापराचं तेल घेऊन पोटऱ्या रगडू लागली. थोड्या वेळानं पायांची धडपड थांबली, आणि बीसिऊ घोरू लागली. चांगली मोठ्यानं. आथोबाई तोंडाला लावायला पदर नसल्यामुळे बाहीच लावून हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पोरीचा डोळा उघडला. खाल्लं, पुन्हा झोपली. संध्याकाळी उठली, वहिनीशी चार शब्द बोलली, पुन्हा झोपली. गालांवर जरा रंग दिसू लागला.

आथोबाई दारात कालवं फोडत बसे आणि आतला तो घोरण्याचा आवाज ऐकत राही. इतकं सुख तिला कैक वर्षांत झालं नव्हतं. शेजारीण जरा मोठ्यानं बोलली की तिच्यावर डोळे वटारी.

लेग्वे मात्र अस्वस्थ होती. सून तशी वाईट नव्हती, कुणीही उगाच तिच्या नावानं बोटं मोडू नयेत. नणंदेसाठी पेज तीच रांधत होती. पण दिवस मोजत होती. तिकडच्या रीतीनं लग्न झालेल्या मुलीनं माहेरी बाळंत व्हायचं नसतं. झाली तर माहेरचं सगळं भाग्य तिच्याबरोबर निघून जातं. आणि इथं भाग्य शिल्लकच किती होतं? मागच्या साली वादळानं बांबूंचे सगळे मांडव नेले होते. यंदा नवे घातले, माळा आत्ता कुठं धरू लागल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी लेग्वे खोलीत पाणी ठेवायला गेली आणि धावत बाहेर आली.

"आई, बीसिऊ झोपेत कण्हतेय. पोट धरलंय तिनं. मी हात लावून पाहिला, दगडासारखं झालंय."

"तसं होतं गं शेवटी शेवटी. खोट्या कळा त्या."

"आणि खऱ्या असल्या तर?"

आथोबाईला आठवलं. ती या घरात नवी सून होती तेव्हाची गोष्ट. नवऱ्याची बहीण अशीच भेटीला आलेली, आणि मागच्या खोलीत अडचणीत बाळंत झाली. मुलगा झाला, सगळे हसले. त्याच वर्षी सासऱ्यांची होडी गेली ती परत आली नाही. या दोन गोष्टींचा संबंध असेल-नसेल. पण चाळीस वर्षं तो तिच्या मनातून निघाला नव्हता.

"मी चिनहोला फोन करते," लेग्वे म्हणाली. "आई, मला दुष्ट म्हणू नका."

"मी काही म्हटलं का?"

दुपारी जावई चिनहो छोटा ट्रक घेऊन आला. बिचारा घामानं निथळत होता. तळ्यावर माणूस बसवून आला होता. कोकहिंग त्याला पाहून सिगारेट ओढायला जो अंगणाच्या टोकाला गेला तो तिथंच उभा राहिला. घरात असा प्रसंग आला की त्याला हटकून सिगारेट आठवे. लेग्वेनं बीसिऊची पिशवी भरून दाराशी ठेवली आणि ती चुलीकडे वळली. चिनहो बुटांच्या नाड्यांकडे पाहत म्हणाला, "आई, तुम्हीच उठवा. मला नाही जमणार."

कुणाच्या मनात पाप नव्हतं. तरी प्रत्येकानं आपले हात मागे घेतले आणि काम आईकडे आलं.

बीसिऊ भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तोंड अर्धं उघडं, उशीवर लाळेचा डाग. पाय कसे शांत पडलेले. पोट आता आवळत नव्हतं, हेही आथोबाईनं हात ठेवून पाहिलं. बाहेर जाऊन सांगावं, कळा थांबल्या, राहू द्या तिला, असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण उद्या सुरू झाल्या तर? भर रात्री झाल्या तर? होडी, मांडव, लेग्वेचा चेहरा, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. तिनं मुलीच्या खांद्याला हात लावला.

"बीसिऊ. ऊठ बाळा."

"हं."

"ऊठ. चिनहो आलाय."

बीसिऊनं डोळे उघडले. तिला कळायला वेळ लागला. मग कळलं, आणि तिनं आईचं मनगट धरलं.

"आई, एक तास. फक्त एक तास झोपू दे, मग मी स्वतः उठून जाईन."

"गाडी उभी आहे गं."

"उभी राहू दे ना."

आथोबाईनं काखेत हात घालून तिला बसती केली, पायांत चपला घातल्या. ट्रकमध्ये चढताना बीसिऊनं मागं वळून पाहिलं नाही. घरी पोचल्यावरही पोट पुन्हा आवळलं नाही, असं रात्री फोनवर कळलं. खोट्याच कळा होत्या.

त्यानंतर नऊ दिवस गेले. आथोबाई रोज वाण्याच्या दुकानात जाऊन फोन करी. रोज तेच. "तासभर लागली असेल. पाय वळवळतात. चाकं." मग बीसिऊ फोनवरही नीट बोलेनाशी झाली. एक वाक्य सुरू करी आणि मधेच काय बोलत होते ते विसरे. आथोबाईला वाटे, उठावं, बस धरावी, पोरीला पुन्हा इथं आणून निजवावी. पण ज्या घरातून आपणच हाकललं तिथं कुठल्या तोंडानं आणायचं? आणि आता तर दिवस अगदीच भरत आलेले.

दहाव्या दिवशी खऱ्या कळा आल्या. जिल्ह्याच्या गावात दवाखाना. आथोबाई पोचली तेव्हा बीसिऊला कळा सुरू होऊन एक रात्र आणि एक दिवस झाला होता. दार अर्धं उघडं होतं, आतलं दिसत होतं. कळ यायची, बीसिऊ ओरडायची, आणि कळ ओसरली की मान टाकून झोपी जायची. दोन मिनिटं. पुन्हा कळ. परिचारिका तिच्या गालावर चापट्या मारत होती.

"अहो, झोपू नका! डोळे उघडा! जोर लावा, जोर!"

"उद्या लावते," बीसिऊ म्हणाली. अगदी शहाण्यासारखं, समजावून सांगितल्यासारखं म्हणाली.

विहीणबाई बाकावर बसून देवाचं नाव घेत होती. आथोबाईला नावही सुचेना. हाताला सुरी नाही, शिंपला नाही, ते हात मांडीवर नुसते पडून होते. आत सगळे मिळून तिच्या पोरीला उठवत होते आणि पोरीच्या अंगात उठायचं बळ नव्हतं.

दुसऱ्या रात्री डॉक्टरांनी पोट कापून बाळ काढलं. मुलगी. निळसर होती, लगेच रडली नाही. दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली, मग सावरली. बीसिऊचं रक्त बरंच गेलं होतं. डॉक्टर हात पुसत बाहेर आले ते चिडलेलेच होते.

"महिना-महिना ही बाई झोपली नाही, आणि कुणाला दाखवावंसं वाटलं नाही? त्या पायांवर गोळ्या असतात. रक्त कमी असलं की होतं तसं."

"झोपली असती तर सुटली असती का हो?" आथोबाईनं विचारलं.

डॉक्टर जरा नरमले. "तसं छातीवर हात ठेवून मी नाही सांगू शकत. पण झोप नसली की बाळंतपण लांबतं, बाई थकते, पोट कापायची पाळी जास्त येते. शेवटच्या दिवसांत मिळेल तेवढी झोप घेऊ द्यायची असते. तेवढं तरी करायचंत."

विहीणबाईनं मान खाली घातली. पलंग तिच्या मनात आला असावा. आथोबाईच्या मनात काय आलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

बाराव्या दिवशी रीतीप्रमाणे ती लेकीकडे गेली. तिळाच्या तेलात आलं परतून, तांदळाच्या दारूत शिजवलेली कोंबडी डब्यात. लेग्वेनं आपणहून दोन झबली शिवून दिली होती. बीसिऊनं कोंबडी खाल्ली, आई, छान झालीय म्हणाली. बाळ आजीच्या मांडीवर दिलं. रागाचा एक शब्द नाही. पायांवरच्या गोळ्या लागू पडल्या होत्या, आणि विहीणबाई दुपारी बाळाला घेऊन बाहेर बसे, म्हणून बीसिऊ आता दिवसा झोपत होती.

"मग नीज ना," आथोबाई म्हणाली. तिनं कापराचं तेल बरोबर आणलं होतं. ती पायाशी बसली आणि लेकीचं पाऊल मांडीवर घेतलं.

बीसिऊ बराच वेळ डोळे मिटून पडली. मग तिनं पाऊल हळूच ओढून घेतलं.

"आई, तू बाहेर बस जरा."

"का गं? दुखतंय?"

"नाही. तू जवळ असलीस की डोळा लागत नाही. कधी उठवशील असं वाटत राहतं." तिनं डोळे उघडले नाहीत. "रागावू नकोस हं. मी मुद्दाम नाही म्हणत."

"नाही गं," आथोबाई म्हणाली.

ती बाहेर येऊन तळ्याच्या काठी स्टुलावर बसली. विहीणबाईनं तिला चहा दिला. मग पडदा बाजूला करून आत डोकावून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली.

"लागली बरं का झोप, विहीणबाई. तुम्ही बाहेर आलात आणि लगेच."

आथोबाईनं चहा संपवला आणि चारची बस धरली.