झोळीत न घेतलेला तांदूळ

गोंदियात येऊन चार महिने झाले होते आणि मला घरी जायचं होतं. हे आधीच सांगून टाकते. असे अनुभव वाचताना लिहिणारीची श्रद्धा पहिल्या ओळीपासून अढळ असेल असं वाटतं, माझी तशी नव्हती. आमचं गाव अर्जुनी मोरगावजवळ. आमचे हे पाटबंधारे खात्यात कालव्यावर होते, मागच्या वर्षी निवृत्त झाले. आमच्या दत्त उपासना मंडळात एक रीत आहे. संसारातून जरा मोकळ्या झालेल्या जोडप्यानं एका गुरुपौर्णिमेपासून दुसरीपर्यंत शहरात राहून सेवा करायची. यांनी आमचं नाव आधी दिलं आणि मला मग सांगितलं. अर्जुनीच्या माणसाला गोंदिया म्हणजे मोठं शहरच. भाषाही अर्धी हिंदी. आम्हाला प्रार्थना भवनामागची एक खोली मिळाली.

सकाळी भवन झाडायचं, आरती करायची, चहा घ्यायचा आणि खांद्याला झोळी लावून निघायचं. ज्या घरांनी मान्य केलं त्यांच्याकडे मंडळाचा एक डबा असतो. घरची बाई रोज भात टाकण्याआधी दत्ताच्या नावानं एक मूठ तांदूळ त्यात टाकते. गुरुवारी आम्ही तो गोळा करतो आणि शुक्रवारी सरकारी दवाखान्यात रोग्यांसोबत आलेल्या माणसांना खिचडी वाढतो. नियम दोनच. जोडीनंच जायचं, आणि कोणाच्या घरी पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. नवीन गल्लीत लोकांना वाटायचं, वर्गणीवाले आले. "चंदा नहीं देंगे, माताजी, आगे बढ़ो," असं म्हणून दार लावायचे. मला राग यायचा. हे हसून म्हणायचे, "आयुष्यभर लोकांच्या वावरात पाणी सोडलं, आता त्यांच्या दारात पाणी पितो. हिशेब बरोबर आहे."

मी धानाच्या घरातली बाई. झोळीत जाड, बारीक, जुना, नवा, उसना म्हणजे उकडा, सगळा तांदूळ एकत्र पडतो. रांधला की अर्धा कच्चा राहतो आणि अर्ध्याचा गचका होतो. म्हणून मी दारातच निवड सुरू केली. जाड वेगळा द्या, बारीक वेगळा द्या, आणि राशनचा देऊच नका. राशनच्या तांदळात हल्ली ते वेगळेच पिवळसर दाणे असतात, लोक त्याला प्लास्टिकचे म्हणतात, ते मला खिचडीत नको होते. ते पोषणासाठी मुद्दाम मिसळलेले असतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मंडळाचा असा काही नियम नव्हता. तो माझा होता. हे एकदा म्हणाले, "दत्त महाराज तांदळाची जात विचारत नाहीत."

"त्यांना खिचडी रांधावी लागत नाही," मी म्हणाले. विषय संपला.

रेल्वे लाइनीकडच्या एका मागच्या गल्लीत सालेकशाकडची एक बाई एकटी राहायची. एका वसतिगृहात पोळ्या करायला जायची. पहिल्याच महिन्यात तिनं आमच्याकडून डबा घेतला आणि पुढच्या गुरुवारी वाटीभर तांदूळ घेऊन बाहेर आली. मी वाटीत बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "राशनचा असेल तर राहू द्या, बाई." ती वाटी घेऊन आत गेली. पुढच्या गुरुवारी दार उघडलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग आम्ही ती गल्लीच सोडली. खरं सांगते, मी ते विसरूनही गेले होते.

त्या गुरुवारी सकाळीच मुलाचा फोन आला. धान कापायला आला होता आणि मजूर मिळत नव्हते. माझं डोकं फिरलं. आपलं वावर उभं टाकून आपण लोकांच्या दारात मूठभर तांदळासाठी उभं राहायचं, हे कुठलं शहाणपण? मी यांना म्हणाले, "आज तुम्हीच जा. मला मागचा तांदूळ निवडायचा आहे." यांनी माझ्याकडे पाहिलं, झोळी घेतली आणि गेले. मी तांदूळ निवडला नाही. बॅग काढली आणि लुगडी भरायला लागले.

यांना साखरेचा आजार आहे. गुरुवारी दुपारच्या आरतीपर्यंत यांचा उपास असतो, म्हणून त्या दिवशी सकाळची गोळी द्यायची नसते, आणि मी पिशवीत गूळ-शेंगदाणे ठेवते. त्या दिवशी रागाच्या भरात मी रोजच्यासारखी गोळी हातावर ठेवली आणि यांनीही मुकाट्यानं घेतली. गूळ-शेंगदाण्याची पिशवी माझ्याजवळच राहिली. आमच्या दोघांत फोन एकच, तोही चार्जिंगला खोलीतच होता. साडेबारा वाजले, आरतीची वेळ टळली, तेव्हा माझं लक्ष खुंटीवरच्या त्या पिशवीकडे गेलं. लुगडं हातातून खाली पडलं. कुठल्या गल्लीत शोधायचं, हेही मला कळेना. आयुष्यात पहिल्यांदा मी नियम, नैवेद्य काही न आठवता नुसतं म्हणाले, "महाराज, माझं चुकलं. यांना सांभाळा."

तेवढ्यात फोन वाजला. आमच्या झोळीवर मंडळाचा नंबर छापलेला आहे, तो आमच्याच फोनवर येतो. एक बाई म्हणाली, "तुमचा माणूस माह्या घरी हाये. घाबरू नका. जेवून रायला."

मी ऑटोनं पोचले. तीच मागची गल्ली, तेच दार. हे चटईवर भिंतीला टेकून बसले होते आणि वाटीतून पेज पीत होते. शर्ट घामानं ओला होता. झालं होतं असं की नेहमीच्या रस्त्यावर पाइपासाठी खोदलं होतं, म्हणून हे मागच्या गल्लीत वळले. तिथं पाय थरथरायला लागले आणि तिच्या पायरीवर बसले ते आडवेच झाले. ती एरवी त्या वेळेला वसतिगृहात असते. त्या दिवशी कुलपाची किल्ली सापडत नव्हती, म्हणून घरात होती.

"मले वाटलं, दारू पेला," ती म्हणाली. "मंग झोळी दिसली. घाम पायला अन् वळखलं, माह्या बापालेबी साखर होती. आधी साखरेचं पानी पाजलं. मंग पेज. तं हे म्हणते, आमी कोनाच्या घरी खात नाई. म्या म्हणलं, नियम मंग सांगजा काकाजी, आधी तोंड उघडा."

मी वाटीत पाहिलं. पेजेत ते पिवळसर दाणे होते.

"घरचा तांदूळ सरला होता," ती म्हणाली. "हा तुमच्याच दत्ताच्या डब्यातला. रोज एक मूठ टाकतो ना."

"मग दिला का नाही?" मी विचारलं.

"तुमीच म्हणलं, राशनचा नोको. मंग कायले आनू?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "पण टाकाची सवय लागली. मानसानं घेतला नाई म्हणून देवाचं काऊन बंद करू?"

मी खाली बसले. हे म्हणाले, "पेज चांगली झाली आहे. गचका नाही." तेव्हा ती हसली आणि मी रडले.

नाक्यावरच्या डॉक्टरांनी तपासलं. साखर बरीच खाली गेली होती, म्हणाले, वेळेवर दिलं म्हणून निभावलं. मी तो तांदूळ नाकारला नसता तर ती कामाला जाण्याआधी सकाळीच आम्ही डबा रिकामा करून नेला असता, असं मंडळातले एक जण नंतर म्हणाले. मी माझ्या चुकीला पुण्य चिकटवत नाही. नाकारलं ते अहंकारानं नाकारलं. पण माझ्या अहंकारातूनही महाराजांनी यांच्यापुरते दाणे बाजूला ठेवले, एवढं मात्र मला नाकारता येत नाही.

बॅग मी त्याच संध्याकाळी रिकामी केली. धान कापला गेला, भावकीतली माणसं आली. माझ्यावाचून काही अडलं नाही.

आता गुरुवारी आम्ही जोडीनं आधी तिच्या दारात जातो आणि ती डबा झोळीत पालथा करते. शुक्रवारी मी खिचडी जरा पातळ ठेवते आणि जास्त वेळ शिजवते. त्यात सगळ्या जातीचे दाणे मऊ होतात. ही साधी गोष्ट मला चार महिने सुचली नव्हती. झोळीचं तोंड उघडं धरायचं, एवढंच माझं काम आहे. आत काय पडतं ते देणाऱ्याचं.