साडूंची सव्वा फुटी गाडी

माणसाच्या सहनशक्तीचा तळ कुठे लागतो हे मला नेमकं सांगता येईल, कारण आमच्या साडूंनी मला तिथवर नेऊन आणलेलं आहे, तेही बहुतेक रविवारी. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मांजरसुंब्याला हायवेवर त्यांचं ट्रकच्या चाकांचं अलाइनमेंट करून देण्याचं दुकान आहे. ट्रक नुसता आत वळताना बघून ते सांगतात की पुढचं डावं चाक ओढतंय, आणि ड्रायव्हरचा चहा संपायच्या आत ते सरळ करून देतात. अशा माणसाला साठीच्या तोंडावर रिमोटवर पळणारी, सव्वा फूट लांबीची रेसिंगची गाडी घ्यावीशी वाटली, आणि ती मात्र दीड वर्षात एकदाही त्यांच्या मनासारखी पळाली नाही.

गावाबाहेर, घाटासमोर एक मंगल कार्यालय आहे. लग्नतिथी नसली की तिथलं पार्किंग साडूंचं. ठिबकच्या जुन्या नळ्या अंथरून त्यांनी वळणं आखलेली, आणि ती झाडून काढायला मी. मी बीडच्या शाळेत भूगोल शिकवतो, घरी कधी केरसुणीला हात लावत नाही, हे माझ्या बायकोने बहिणीला सांगून ठेवलेलं असूनही. "धूळ ऱ्हायली की टायर धरत न्हाई," एवढं बोलून साडू खाली मांडी घालून बसत. मग एक स्प्रिंग बदलायची, पाच फेऱ्या मारायच्या, वहीत लिहायचं. चाकांचा झुकाव अर्ध्या अंशाने कमी करायचा, पुन्हा पाच फेऱ्या. शॉक-ॲब्सॉर्बरमधलं तेल घट्ट घालायचं, मग पातळ. दोन गोष्टी एकदम बदला आणि लवकर आटपा, असं मी एकदा सुचवलं. "मंग कशानं फरक पडला ते कळंल कसं?" ते म्हणाले, आणि मी नापास झालेल्या पोरासारखी पुन्हा केरसुणी उचलली. कपिलधारला सगळे दर्शनाला गेलो तेव्हा हे खाली पार्किंगमध्ये चप्पल घासून जमीन किती पकडते ते बघत होते. पायऱ्या उतरून येईपर्यंत मेहुणीने त्यांच्या वाटणीचाही नमस्कार करून घेतला होता.

पण हे सगळं परवडलं, असं वाटायला लावणारा प्रकार घडला शिरूर कासारला. माझ्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी होती. पोहे झाले, चहा झाला, देण्याघेण्याचा विषय कुणी काढत नव्हतं. तेवढ्यात साडूंची नजर अंगणातल्या नव्या गुळगुळीत कोब्यावर गेली. "पाव्हणं, गाडी आणलीच हाय मी," ते म्हणाले. "तुमची हरकत नसंल तर आत्ताच दाखवतो." मुलाचे वडील सावरून बसले. मुलाची आई आतून बाहेर आली. "गाडीचं आमी काई बोललो न्हवतो," मुलाचे वडील अत्यंत समाधानाने म्हणाले. "मंग काय झालं, बघा की," म्हणत साडूंनी डिक्कीतून ती सव्वा फुटी गाडी आणून अंगणाच्या मधोमध ठेवली. पुढची पाच मिनिटं मी कोब्याकडे बघत काढली. गाडी दोनदा पळाली, तुळशीपाशी नाक हलवून थांबली, आणि साडू म्हणाले, "बघा, सरळ जातानी कशी थरथरायली. एवढंच जमंना." आठ दिवसांत नकार आला. मी दोन महिने साडूंशी बोललो नाही. मुलगी मात्र म्हणाली, "बाबा, गाडीचं नाव निघताच त्यांचे चेहरे कसे खुलले ते तुम्ही बघितलं नाहीत. काकांवर रागावू नका." ते मला पटलं, पण राग जायला वेळ लागला.

तो गेला तेव्हा मी पुन्हा झाडायला हजर झालो. त्या रविवारी साडूंना दुकानातून फोन आला. "धरा जरा," म्हणून त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. मी उगीच खटका दाबला. गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत आखल्यासारखी सरळ गेली. साडूंनी बोलता बोलता फोन बंद केला. "पुन्ना पळवा." पुन्हा सरळ. त्यांनी रिमोट घेतला, आणि गाडीचं नाक हलायला लागलं. दीड वर्षात पहिल्यांदाच मी गाडीकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघितलं. रिमोटवरच्या, गाडी वळवायच्या चक्रीवर त्यांची बोटं बारीक थरथरत होती. तेही तिकडेच बघत होते.

"वारा होता आत्ता," मी म्हणालो. "नाहीतर डाव्या चाकाला काहीतरी..."

"न्हाई, साडूभाऊ," ते शांतपणे म्हणाले. "गाडी कवाच नीट झालती."

बीडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. ट्रकच्या पान्याला थरथर कळत नाही, त्यामुळे दुकान चालू आहे. गेल्या थंडीत आम्ही पुण्याला शर्यतीलाही गेलो. गाडी मी पळवली, दहा जणांत नववा आलो. परतताना साडू म्हणाले, "गाडीत खोट न्हाई. डायव्हरची सेटिंग बाकी हाय," आणि जामखेड येईपर्यंत प्रत्येक वळणावर मी काय चुकलो ते सांगत राहिले.

आता वळणावर मागची चाकं सुटली की ते मला बोटांत कळतं. मी थांबतो, सांगतो, आणि साडू गाडी मांडीवर घेऊन स्प्रिंग बदलायला बसतात. बारीक स्क्रू भोकावर धरायला त्यांना तीनदा, चारदा प्रयत्न करावा लागतो. मी करतो म्हटलेलं त्यांना चालणार नाही. म्हणून मी पाठ फिरवतो, आणि घाट चढणारे ट्रक मोजत राहतो, ते "झालं" म्हणेपर्यंत.