दोघींनी चालवायचं यंत्र

“सख्खी बहीण हाये ना व ते? मंग इतकी मागं काहून उभी हाये?”

चर्चमागच्या कब्रस्तानात माझ्यापुढे उभ्या असलेल्या दोन बायकांपैकी एकीनं दुसरीला हळूच विचारलं. दुसरीनं नुसती मान हलवली. पाळकसाहेब प्रार्थना करत होते, दयामावशीची पेटी खाली सोडली जात होती आणि माझी आई, तिची एकुलती एक धाकटी बहीण, पार फाटकाजवळ कडुनिंबाखाली उभी होती. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. ती रडत होती की नाही ते मला दिसलं नाही. त्या बायकांना उत्तर देता आलं असतं, पण मी तेव्हाही काही बोलले नाही... त्याला आता काही आठवडे झाले.

दयामावशी वाशीमकडच्या मालेगावजवळ, आमच्या गावात मिशनच्या शाळेत शिकवायची. लग्न केलं नव्हतं. आवाज असा की वर्गात पाढे म्हणून घ्यायला लागली की रस्त्यावरचे बैल थबकायचे, असं गावात म्हणत. माझे वडील मी पाळण्यात असतानाच गेले, तेव्हापासून आमच्या घरात तिचा शब्द चालायचा. मी सात-आठ वर्षांची झाले आणि तिनं ठरवलं की मला नागपूरकडच्या इंग्रजी बोर्डिंगात घालायचं. आई म्हणाली, “पुढच्या साली पाहू.” मावशीनं पुढचं साल येऊ दिलं नाही. परस्पर नाव घातलं, फ्रॉक शिवून आणले आणि एका सकाळी मला जऊळक्याच्या स्टेशनावर नेऊन गाडीत बसवलं. आईनं माझे केस विंचरून दिले, डब्यात तिळाच्या पोळ्या बांधून दिल्या. मावशीशी मात्र त्या दिवसापासून ती बोलली नाही. भांडण झालं नाही, शिवीगाळ झाली नाही. बोलणं तेवढं थांबलं. दर सुट्टीत मी घरी यायची ती आणखी थोडी गप्प होऊन. वाक्य मनात आधी जुळवायची आणि जुळेपर्यंत विषय निघून गेलेला असायचा. आई शेजारणीला म्हणायची, “पाव्हण्यासारखी बसते व पोरगी घरात. पाणी बी मागून पेते.” हे बोलणं मावशीच्या घरापर्यंत पोचेल अशा बेतानं म्हणायची.

आमचं चर्च गावाच्या मानानं फारच मोठं. दुष्काळाच्या काळात लोकांना काम मिळावं म्हणून मिशननं ते बांधलं, तेव्हा लांबीरुंदीचा विचार कोणी केला नसावा. बाकडी फक्त मागे दोन, बाकी सगळे खाली लांबच लांब सतरंज्यांवर बसत. काळ्या मातीची धूळ आणि कापसाची तूस त्या सतरंज्यांत अशी रुतायची की झाडूनं निघायची नाही, नुसती उडायची आणि पुन्हा तिथेच बसायची. रविवारी प्रार्थनेला लोकांनी गुडघे टेकले की म्हातारी माणसं खोकू लागत. शनिवारी झाडण्याची पाळी घराघरानं लावलेली, प्रत्येक घरच्या दोन बायका. आई आणि मावशी यांची पाळी आजोबांच्या घराची म्हणून एकत्र होती. बोलणं थांबल्यावर त्यांनी तीही वाटून घेतली. बायकांच्या बाजूची अर्धी जागा आई शुक्रवारी संध्याकाळीच झाडून यायची, पुरुषांची बाजू मावशी शनिवारी. मधल्या वाटेवर दोघींच्या झाडूच्या रेघा एकमेकींना टेकून थांबलेल्या मी पाहिल्या आहेत.

मिशनच्या मड्डम विलायतेला परत गेल्या तेव्हा चर्चच्या साफसफाईसाठी म्हणून त्यांनी काही रक्कम मागे ठेवली. मुंबईच्या एका दुकानाचं चित्रांचं पुस्तकही ठेवलं, त्यात धूळ ओढून घेणारी यंत्रं होती. मी तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत आले होते. इंग्रजी वाचायला म्हणून मावशीनं मला पंचांच्या बैठकीत बसवलं. विजेवर चालणारी यंत्रं आम्ही उलटून टाकली, आमच्याकडे वीज कुठली? राहिली दोन. एक पत्र्याचं, हलकं, चाकांवर ढकलायचं, एकटीला जमणारं आणि स्वस्त. दुसरं लोखंडी, मोठ्या भात्याचं. एकीनं दांडा वरखाली करायचा, दुसरीनं लांब नळी सतरंजीवरून फिरवायची.

आनंदराव पंच म्हणाले, “हलकंच घ्या, बाई. उरलेल्या पैशात दोन कंदील येतीन. हे दुसरं घेतलं त गिरजात लोहार ठेवा लागन.”

“तुमी झाडाले येता का कधी?” मावशीनं विचारलं.

“माया बायकोची पाळी असते ना.”

“मंग तिले येऊन बोलू द्या.”

सगळे हसले. मावशी माझ्याकडे वळली. “हे एकटीनं चालते का?”

“हो.”

“अन् हे?”

“याला दोघी लागतात.”

“हेच घ्या,” ती म्हणाली. “ते पत्र्याचं डबडं दोन पावसाळ्यात गंजन. एवढ्या मोठ्या गिरजाले टिकाऊ वस्तू पायजे.” आणि तिनं पुस्तक मिटलं. कंदील राहून गेले.

घरी परतताना विहिरीपाशी ती थांबली. म्हणाली, “तुयी माय माया घरी येत नाही. बोलावलं तरी येनार नाही. पण मायी बहीण सुशी पाळी चुकवत नाही, लहानपणापासून. झाडू वाटून घेता येते, हे कसं वाटून घेनार?” ती स्वतःच्याच युक्तीवर लहान मुलीसारखी हसली. मग एकदम गंभीर झाली. “तिले सांगजो नको. तिच्या मनानं येऊ दे.”

मी सांगणार नाही म्हटलं. न बोलणं हे एकच काम मला चांगलं येत होतं.

यंत्र जऊळक्याला लाकडी खोक्यातून उतरलं, बैलगाडीतून आलं. पोरं गाडीमागे धावत आली. आजोबांच्या घराची पाळी आली त्या शनिवारी मावशी धुवट पातळ नेसून सकाळपासून चर्चमध्ये होती. आईही तयार झाली होती. पदर खोचून उंबऱ्यापर्यंत गेली, थांबली, आणि परत येऊन चुलीपाशी बसली. “जाय तू,” मला म्हणाली. “इंग्रजी यंत्र हाये, तूच चालव. त्याच्याचसाठी त शिकवलं तुले.”

मी चर्चच्या दारात उभी राहिले तेव्हा मावशीनं माझ्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग म्हणाली, “ये... धर दांडा.”

त्यानंतर सुट्टीत मी आणि एरवी शेजारची सून, असं चाललं. यंत्र खरंच टिकलं. त्याचा भाता श्वास घेतल्यासारखा आवाज करायचा, चर्चच्या उंच छपरात तो घुमायचा. खोकणारी माणसं खोकायची थांबली. आनंदरावांनीही ते कबूल केलं, कंदिलाचं टोचून बोलणं मात्र सोडलं नाही. आई फक्त एकदा गेली. नाताळची सुट्टी होती, मला ताप होता, शेजारची सून माहेरी गेलेली आणि पाळी आलेली. मी गोधडीत पडून आई जाताना पाहिली. दुपार कलेपर्यंत ती परतली नाही. आल्यावर हात धुतले, भाकरी टाकल्या, काही सांगितलं नाही.

सांगितलं ते मावशीनं, मी बोर्डिंगात परत निघाले तेव्हा, जऊळक्याच्या स्टेशनावर. दांड्यावर आई होती, नळी मावशीकडे. दोघींत एक शब्द नाही. “अर्ध्यातच सारं साफ झालं होतं व पोरी,” मावशी म्हणाली. “मी साफ झालेल्या सतरंजीवरून पुन्हा फिरवून राह्यली. वाटलं, चालू दे जरासं. ते बी दांडा मारतच होती. दिसत असन ना तिले? शेवटी म्हणे, ‘झालं का?’ मी म्हटलं, झालं.” मग तिनं माझी ट्रंक गाडीत चढवली. “नाही म्हणाले पायजे होतं मी.”

मला शिकवून तिनं काय मिळवलं, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिनं मला घडवलं असं लोक म्हणतात, आणि ते खरं आहे. पण त्यासाठी तिची बहीण तिच्यापासून तुटली, हेही खरं आहे, आणि पारडं कुठे झुकतं ते मला अजून कळत नाही. आता मी वाशीमला शिकवते. मावशीच्या तापाचा निरोप आला तेव्हा मला वाटलं, रविवारी जाऊ. रविवारच्या आधीच दुसरा निरोप आला.

गेल्या शनिवारी आमच्या घराची पाळी होती. मी गावी गेले होते. आई पदर खोचून माझ्याबरोबर चर्चला आली. मी नळी घेतली, तिनं दांडा धरला, पण ओढला नाही. हातानं लोखंड चाचपत उभी राहिली.

“आनंदराव म्हणे, हे धूड विकू, एकटीनं चालते असं हलकं घेऊ,” ती म्हणाली. “साऱ्यायनं सांगितलं होतं तिले तवा. आयकलं नाही. एवढं जड, दोघी लागतात असं...” ती थांबली. “कायले घेतलं असन व तिनं?”

नेहमीप्रमाणे मी वाक्य मनात जुळवू लागले. ते जुळायच्या आत तोंडातून निघून गेलं.

“तू येशीन म्हनून, माय.”