बोईच्या रक्तातले ठिपके

हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही, आणि तिला मी नवऱ्याच्या पगारापासून सासूच्या पथ्यापर्यंत सगळं सांगते. नवऱ्याला नाही. अण्णांना तर नाहीच — अण्णा म्हणजे आमचे छापखान्याचे मालक. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, हे एक. दुसरं कारण शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तुम्ही मला चांगली बाई समजाल, आणि ते मला नको आहे.

मी तुर्भ्याच्या एका छापखान्यात रिटचिंग करते. म्हणजे फोटो छापायच्या आधी त्याच्यावरची धूळ, ओरखडे, नको ते डाग काढायचे. बारीक पातं, बारीक ब्रश, आणि डोळ्याला लावायचं भिंग. हे मी वडिलांकडे शिकले. गावी त्यांचा स्टुडिओ होता, आणि स्टुडिओचं अर्धं पोट लग्नाच्या मुलींच्या फोटोंवर भरायचं. देवीचे व्रण, हनुवटीवरचा चामखीळ, दातांची फट — सगळं मी काढायचे. आणि हवा तिथे तीळ लावायचे. ओठाच्या वर, डाव्या बाजूला, एक टपोरा काळा तीळ. कुणी विचारून नव्हे हं. मुलीला विचारायचं असतं हे आम्हाला कुठं माहीत होतं? तिची आई फोटो घेऊन जायची आणि खूश व्हायची. माझा हात इतका बसला होता की डोळे मिटूनही तो तीळ तेवढाच गोल आला असता. भारी मिजास होती मला त्या हाताची.

लग्न होऊन वाशीला आले तेव्हा इथे नुसत्या नव्या इमारती, मोकळे प्लॉट आणि चिखल. घरात बसून वेड लागलं असतं. अण्णांनी ठेवून घेतलं. त्यांच्याकडे हँडबिलं, औषधांची लेबलं, लग्नपत्रिका असली कामं यायची, आणि एक मानाचं काम होतं. पेशीशास्त्राचं एक इंग्रजी त्रैमासिक. त्याचे संपादक सर निवृत्त प्राध्यापक, वाशीतच राहायचे, पिशवीत हस्तलिखितं घालून बसने यायचे. अंक जेमतेम काहीशे निघायचा, पण परदेशात जायचा. अण्णांना त्याचं इतकं कौतुक, की येणाऱ्या प्रत्येकाला चहाआधी तो अंक दाखवत. त्यात पेशींचे फोटो असायचे. छपाईसाठी त्यांचे जस्ताचे ठसे, म्हणजे ब्लॉक बनायचे, आणि त्याआधी ते माझ्या टेबलावर यायचे. सर म्हणायचे, शोभाताईंच्या हातून गेलेला फोटो बघून मुंबईचे लोक विचारतात कुठे छापता. मी खाली बघून हसायचे. पण घरी येऊन सांगायचे.

पेशी म्हणजे काय ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मला त्या चणे पसरल्यासारख्या दिसायच्या. आणि चण्यांत खडा दिसला की मी तो काढायचे.

आता सोनवणे बाईंचं सांगते. हे टाळत टाळत इथवर आले, तुमच्या लक्षात आलंच असेल.

सोनवणे बाई वाशीच्या कॉलेजात शिकवायच्या. मूळच्या बीडकडच्या; घरात कॉलेज बघितलेल्या त्या पहिल्याच. एका खोलीत भाड्याने राहून डॉक्टरेट करत होत्या. त्यांचं काम खाडीतल्या माशांवर. आमच्या सेक्टरात टोपली घेऊन येणारी हिरूबाई, तिच्याकडूनच त्या बोई मासळी घ्यायच्या — जिवंत, डब्यातल्या पाण्यात. माशाच्या रक्तातल्या प्रत्येक पेशीत मधोमध एक गडद केंद्रक असतं. या बोईंच्या काही पेशींत केंद्रकाच्या शेजारी आणखी एक चिमुकला ठिपका होता. केंद्रकाचाच तुटलेला तुकडा. निरोगी माशात तो क्वचितच दिसतो. तो वाढला, तर पाण्यात काहीतरी विषारी जातंय. सोनवणे बाईंचा सगळा लेख त्या ठिपक्यावर उभा होता. आणि त्यावर त्यांची डॉक्टरेट.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा माझ्यासमोर आले ते फक्त तीन फोटो. प्रत्येकावर वरच्या कडेला चिकटवलेला ट्रेसिंग पेपर, आणि त्या कागदावर पेन्सिलने काढलेला बाण. नियम असा, की आधी कागद उलटून खालचा फोटो साफ करायचा, मग कागद परत फोटोवर टाकून बाणाची जागा बघायची आणि तिथे छापील बाण चिकटवायचा. मी नियमाने गेले. कागद उलटला, भिंग लावलं. केंद्रकाशेजारी धूळ. पात्याच्या टोकाने खरवडून काढली. दुसऱ्या फोटोत धूळ, तिसऱ्यात धूळ. मनात म्हटलं, काय ही बाई, फोटो धुताना जरा लक्ष द्यायला नको?

मग कागद परत टाकला. बाणाचं टोक बरोबर तिथे, जिथे मी आत्ता खरवडलं होतं. तिन्ही फोटोंत.

पात्याने खरवडलेलं परत येत नाही. वर रंग लावला असता तर ओल्या कापसाने पुसता आला असता. सोनवणे बाईंकडे निगेटिव्ह होत्या. नव्या प्रती यायला आठवडा लागला असता. म्हणजे काय करायचं होतं मला? आतल्या खोलीत जाऊन अण्णांना सांगायचं, चूक झाली. तीन शब्दसुद्धा नाहीत.

मी ब्रश उचलला.

हो. काळी शाई घेतली आणि तिन्ही जागी एकेक ठिपका काढला. गोल, टपोरा, सुबक. मग बाण चिकटवले. खरं सांगू — वर मला तो जमल्याचा आनंद झाला. मूळच्यापेक्षा छान दिसतोय असं वाटलं. याची मला आजही लाज वाटते.

अंक निघाला. सोनवणे बाईंनी पेढे आणले. अंक त्यांनी घाईने चाळला, फोटोंवर क्षणभर थबकल्या, मग म्हणाल्या, छपाईत जरा गडद आलेत ना? मी म्हटलं, येतात कधीकधी. पेढा खाल्ला.

दोन-तीन महिन्यांनी बाहेरगावच्या एका वाचकाचं सरांना पत्र आलं. त्याने म्हटलं होतं, तुकडा केंद्रकाचा असेल तर त्याची छटा केंद्रकासारखी हवी. हे तिन्ही ठिपके कुळकुळीत आहेत, आणि तीन वेगवेगळ्या माशांत हुबेहूब एका मापाचे आहेत. हे काढलेले आहेत.

सर सोनवणे बाईंना घेऊन छापखान्यात आले. बाईंनी निगेटिव्ह आणल्या होत्या. सरांनी त्या उजेडात धरल्या, मग आमच्याकडची प्रत भिंगाखाली घेतली. निगेटिव्हमध्ये ठिपका होता — फिका, वेडावाकडा, पण होता. आणि प्रतीवर खरवडल्याची खूण, वर शाई. सर म्हणाले, म्हणजे ठिपका अस्पष्ट होता म्हणून कुणीतरी तो ठळक केला. सोनवणे बाई म्हणाल्या, सर, मी नाही केला. सर माझ्याकडे वळले. "शोभाताई, तुम्ही यावर ब्रश फिरवलात का?"

"नाही सर. आले तसे छापले."

एवढंच. इतक्या सहज निघालं तोंडातून. सोनवणे बाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही — मी काहीतरी विसरले असेन, आता आठवेल, अशी वाट बघत. मी टेबलावरचं भिंग पुसायला घेतलं.

पुढच्या अंकात निवेदन आलं: या लेखासोबतच्या छायाचित्रांवर लेखिकेने हात फिरवल्याचे दिसते, ती पुरावा म्हणून धरू नयेत. त्याचे खिळे आमच्याच छापखान्यात जुळवले गेले. प्रूफ माझ्या टेबलावरून गेलं. तेव्हाही थांबवता आलं असतं. सोनवणे बाईंच्या मार्गदर्शकांनी हात झटकले, डॉक्टरेट अडकली. कॉलेजात लोक काय बोलत असतील ते मी इथे उच्चारत नाही. आपल्याकडे अशा बाईबद्दल, त्यातून अशा घरातून आलेल्या बाईबद्दल काय बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्याकडे कारणं होती का? होती. ती सांगत नाही. सांगितली की ती मोठी वाटायला लागतात.

पण सोनवणे बाई बसून राहिल्या नाहीत. त्या परत हिरूबाईकडे गेल्या. पुन्हा बोई, पुन्हा रक्त, पुन्हा मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या रक्ताच्या काचा. दोनेक वर्षं. या खेपेला त्या फोटो घेऊन नाही, मायक्रोस्कोप घेऊनच सरांच्या घरी गेल्या म्हणे. सर एक अख्खी दुपार काचा बघत बसले, आणि शेवटी म्हणाले, लेख द्या. सर तसे सरळ माणूस.

मग एके दिवशी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. हातात पाकीट. टेबलाच्या काचेखाली मी नमुन्याला ठेवलेले लग्नाच्या मुलींचे फोटो आहेत. त्या उभ्या उभ्या ते बघत राहिल्या. पुष्कळ वेळ.

"हे तीळ तुम्ही लावता, ताई?"

"हो."

"सगळे एकसारखे येतात."

त्यांनी पाकीट अण्णांकडे न देता माझ्याच हातात दिलं. म्हणाल्या, "यांना नका लावू. अंधुक असले तरी चालतील."

विचार करा. मुंबईत ब्लॉक बनवणारे कमी होते? सरांना एक शब्द सांगितला असता तर माझी नोकरी त्या संध्याकाळी गेली असती. आणि ही बाई आपले फोटो माझ्याच हातात देते. मी फक्त म्हटलं, "नाही लावणार." तेव्हा तरी सांगायचं. माझी जीभ उचललीच नाही.

ते फोटो मी पात्याशिवाय, ब्रशशिवाय, नुसते बघितले. एकेक ठिपका. एक लांबट, एक केंद्रकाला चिकटलेला, एक तर इतका फिका की भिंग हलवलं तर हरवायचा. ब्लॉक बनेपर्यंत मी राखणीला बसले. अंक आला तेव्हा प्रत्येक ठिपका जागेवर होता. सोनवणे बाईंना पुढे डॉक्टरेट मिळाली. उशिरा, पण मिळाली. आणि मी तेव्हापासून मुलींना विचारायला लागले — काढू का राहू दे? सुरुवातीला आयाच उत्तर द्यायच्या. आता मुली देतात. गेल्या महिन्यात एक म्हणाली, राहू दे, तो माझाच आहे.

इथे थांबता आलं असतं. मीही स्वतःशी तेच म्हणत होते, की सगळं मार्गी लागलं, आता कशाला उकरायचं? पण मागच्या आठवड्यात हिरूबाई दारात टोपली उतरवून बसली. बेलापूरच्या सरकारी कचेरीत खाडीच्या पाण्याबद्दल बैठक झाली, तिच्या गावचे सगळे गेले होते. सोनवणे बाईही, आपले दोन्ही लेख घेऊन. तिथे कारखानदारांच्या वकिलाने जुना अंक काढला आणि ते निवेदन वाचून दाखवलं. हिरूबाई म्हणाली, "तो वकील बोलला, ही बाई फोटू रंगवते. मंग तिचं कोनी आयकतंय? आमची बोय राकेलसारकी लागते हाय, त्याचा फोटू कुठं काडायचा?"

मी तिच्याकडून बोई घेतल्या. किती वर्षं घेतेय. माझी मुलगी त्यांवर वाढली.

बैठक परत सोमवारी आहे. मी रजा टाकली आहे. हे दुसरं कारण. मला ते एकदा म्हणून बघायचं होतं, वळते का जीभ. काचेखालचा एक फोटो सोबत नेणार आहे, तीळवाला, म्हणजे त्यांना ठिपक्यांचं माप त्याच्याशी ताडून बघता येईल. सोनवणे बाई तिथे असतील. त्यांच्याकडे बघून बोलता येईल की नाही, माहीत नाही, पण तिथल्या साहेबांपुढे बोलेन.

साहेब, मी तुर्भ्याच्या छापखान्यात रिटचिंग करते. या निवेदनातल्या तिन्ही फोटोंवरचे काळे ठिपके मी काढले. विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले, ते खोटं होतं. सोनवणे बाईंनी त्या फोटोंना ब्रश लावलेला नाही. आणि त्याच्या खाली खरे ठिपके होते, साहेब. मी पाहिलेत. खरवडायच्या आधी मीच ते शेवटचे पाहिलेत.