विमलताईंच्या तेलावरचा आळ

फोन सकाळी आला. पोह्यांसाठी कांदा चिरत होते, तशाच ओल्या हातानं उचलला. अकोल्याहून प्रशांत बोलत होता, माझ्या नणंदेचा मुलगा. “मामी... आई गेली. बाथरूममधी तेलावरून पाय घसरला.” नंतर कितीतरी वेळानं लक्षात आलं, की त्या एका वाक्यात दोन गोष्टी होत्या. एक बातमी होती आणि एक आळ होता. बातमी अजून नीट गळ्याखाली उतरलेली नाही. आळ तर मी उतरवूनच घेणार नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

विमलताई माझ्या नवऱ्याच्या मोठ्या बहीण. माहेर चांदूर बाजारचं. अकोल्याच्या एका सरकारी कार्यालयात कारकून म्हणून लागल्या, तिथूनच निवृत्त झाल्या. यजमान लवकर गेले, एकुलत्या मुलाला एकटीनं वाढवलं. स्वभाव फटकळ. आणि साऱ्या नात्यागोत्यात ओळख एकाच गोष्टीसाठी, त्यांच्या हातच्या अंघोळीच्या सुगंधी तेलासाठी. त्या तेलाची बाटली घरात नाही असा आमच्यात एकही माणूस नसेल. बाळंतिणीला तेच, नव्या नवरीला तेच, परीक्षेला बसणाऱ्या पोरांच्या टाळूवरही तेच. आणि बाई गेल्यावर हीच माणसं अंगणात बसून काय म्हणतात? तर, “तेलाचा लय नाद होता बाईले.” बाळापूरची एक चुलत सासू तर डोळ्याला पदर लावून म्हणाली, “म्हातारपणी कायले पाहिजे वासाचं तेल? नखरे भोवले बाप्पा.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या दिवाळीत दोन बाटल्या मागून नेल्या होत्या हिनं!

नखरे म्हणे. त्या तेलामागचं कारण ताईंनी मला एकदाच सांगितलं होतं, तेही हसत हसत, वाळ्याच्या मुळ्या धुता धुता. शाळेत असताना बाकावर शेजारी बसणारी एक मुलगी ताई आल्या की नाकाला रुमाल लावायची. ताई घरून अंग घासून, धुतलेला फ्रॉक घालून जायच्या, तरी लावायची. का लावायची ते आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. ताईंनी तेव्हा काही म्हटलं नाही. नोकरी लागली आणि पहिल्या पगारात त्यांनी आईला लुगडं घेतलं, भावाला चप्पल घेतली आणि स्वतःसाठी घाण्यावरचं तिळाचं तेल आणि वाळ्याची एक जुडी. “मंग म्हन्लं, वासाचं नाव काढलं ना लोकायनं? आता घ्या वास!” असं म्हणून त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की मला हसावं का रडावं कळेना. कार्यालयात त्या फाइल घेऊन निघाल्या की टेबलांवरची डोकी वर व्हायची म्हणतात. तेव्हा बाळापूरच्या बाईंनी नखरा हा शब्द जरा जपून वापरावा.

माझ्याशी तरी ताई कुठं गोड होत्या? लग्न होऊन मी आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी मला न्हाणीत पाटावर बसवून त्यांनी डोक्यावर तेल थापलं. मला तो वास उग्र वाटला, मी नाक मुरडलं. “नाक नोको उडवू शोभे,” त्या म्हणाल्या, “दोन पान्यानंतर पाह्य.” दुसऱ्या पाण्यानंतर वाळ्याचा उग्रपणा गेला आणि मागं संत्र्याच्या सालीचा जो वास राहिला, तो संध्याकाळपर्यंत माझ्या वेणीत होता. मी तसं कबूल मात्र केलं नाही. नणंदेसमोर इतक्या लवकर हार मानायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

आता तेल कसं व्हायचं ते सांगते, कारण माझं सगळं भांडण तिथंच आहे. चांदूर बाजारहून मृग बहाराची संत्री आली की साली मलमलखाली सुकायच्या. वाळा, नागरमोथा, कचोरा कुटायचा, पण भरड, पीठ करायचं नाही. मोगऱ्याची फुलं रात्रभर सावलीत टाकून कोमेजू द्यायची, कारण पाण्याचा थेंब आत गेला की तेल खवट झालंच समजा. हे सगळं तिळाच्या तेलात, मोठ्या काचेच्या बरणीत. तोंडाला पांढरं फडकं बांधायचं आणि गच्चीवर उन्हात ठेवायचं. गॅस नाही, कढई नाही. “गॅसवर तेल करपते, उन्हात पिकते,” ताई म्हणत. “अकोल्याच्या उन्हाले लोकं नुसत्या शिव्या देऊन राह्यले. फुकटचा चुल्हा हाय तो!” मी एकदा अमरावतीत आमच्या गच्चीवर करून पाहिलं आणि मोठ्या तोऱ्यात बाटली घेऊन गेले. त्यांनी बूच काढलं, वास घेतला, बूच लावलं. म्हणाल्या, “तुह्या अमरावतीचं ऊन चहा कोमट करायच्या कामाचं.” त्यानंतर बरेच दिवस मी त्यांना फोन केला नव्हता.

आणि बरणी उन्हात ठेवायचा दिवस ठरलेला. एप्रिलात जयंतीची मिरवणूक झाली, निळा गुलाल धुतला, की दुसऱ्या दिवशी बरणी गच्चीवर. गाळायची ती थेट मे महिन्यात, बुद्धपौर्णिमेच्या पहाटे. नवं तेल लावून न्हायचं, पांढरी साडी नेसायची आणि विहारात वंदनेला जायचं. मधले दिवस ताईंच्या घरात तेलाचा थेंब नसे. जुनं उरलेलं असेल ते जयंतीच्या आधीच वाटून टाकायच्या, नव्यात जुनं मिसळायचं नाही हा नेम. “मंग तोवर काय लावता ताई?” मी विचारलं होतं. “काहीच नाही. नव्या तेलाची भूक लागली पाह्यजे अंगाले.” खोबरेल तर त्या घरातही येऊ देत नसत, त्याचा वास खपत नसे.

ताई गेल्या तेव्हा पौर्णिमेला आठवडा होता.

आता सांगा, कुठलं तेल? कुठल्या तेलावरून घसरली ती? जिच्या हातचं तेल डोक्यावर जिरवून सारं गणगोत मोठं झालं, तिच्या घरात त्या महिन्यात तेलच नसतं, हे एकालाही माहीत नसावं? आणि असतं तरी ती घसरली नसती. ताई तेल लावायच्या त्या पाटावर बसून, पाटाखाली गोणपाट टाकून. तळपायाला अंघोळीआधी तेल कधीच नाही, ते झोपताना, पलंगावर पाय घेऊन. आम्हा सगळ्यांना ओरडून ओरडून हे शिकवलं ते त्यांनीच.

घसरण्यासारखं त्या घरात एकच होतं. गेल्या वर्षी प्रशांतनं बाथरूम नवं केलं. जुनी शहाबादी फरशी, जी पाय धरून ठेवायची, ती उखडली आणि गुळगुळीत चकचकीत टाइल्स बसवल्या. ताई म्हणाल्या होत्या, राहू दे रे ती फरशी. “आई, आता कोन लावते शहाबादी?” मग त्या म्हणाल्या, निदान धरायला भिंतीत एक दांडा बसव. “दवाखान्यासारखं दिसते आई ते. पाहू ना नंतर.” मला फोनवर सांगत होत्या, “शोभे, मी आता आंघोयीले नाही जात, सर्कशीत जातो.” मी हसले होते. त्याही हसल्या होत्या...

अंत्यविधीहून आल्यावर मी आधी त्या बाथरूममध्ये गेले. फरशीवरून हात फिरवला. पाणी होतं, तेल नव्हतं. मग गच्चीवर गेले. कठड्याशी बरणी उभी, उन्हानं तापलेली, फडक्याची गाठ ताईंनी मारली होती तशीच. खाली आणून ती प्रशांतपुढं ठेवली. त्यानं मान वर केली नाही. मला वाटलं, दुःखात आहे पोरगं, उद्या बोलू.

पण पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत त्यानं हद्द केली. भन्तेजी सूत्रपठण करून बसले, चार जण बोलले, मग प्रशांत उठला आणि भरल्या मांडवात म्हणाला, “आईले किती वेळा सांगतलं, पन तेलाचा नाद सुटला नाही.” लोकांनी माना हलवल्या. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, इथं तर माझ्या नणंदेच्या वाट्याला पेलाभरही नाही! मी उभी राहिले. म्हटलं, “खोटं आहे हे. तिचं तेल अजून गाळलंसुद्धा नाही. ही बरणी पाहा, गाठ पाहा. मग घसरली कशावरून?” माझ्या मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “मामी, ही येळ हाय का?” मी म्हटलं, “हीच वेळ आहे. ती स्वतः येऊन सांगणार आहे का?” आमच्या ह्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. बसले. पण निघताना बरणी उचलली आणि अमरावतीपर्यंत बसमध्ये मांडीवर घेऊन आले. पौर्णिमेच्या पहाटे मीच ती गाळली. तेल फार सुरेख उतरलं होतं. ताईंना दाखवायला हवं होतं हो...

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी त्या दिवसांत येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होते. अकोल्याचा फोन घेत नव्हते. परवा दुपारी दार वाजलं, पाहते तर प्रशांत. वाळला होता. पाणी दिलं. त्याची नजर फडताळातल्या बाटल्यांवर गेली. “आईचं हाय?” मी मान हलवली. त्यानं एक बाटली उघडली, वास घेतला, आणि बाटली हातात तशीच धरून तो पोर हमसून हमसून रडायला लागला.

“मामी, तेल नव्हतं,” तो म्हणाला. “मले माहीत होतं. मीच उचललं ना तिले. डोकं माह्या मांडीवर होतं... केसायले वासच नव्हता. जन्मापासून तो वास हाय माह्या नाकात. त्या दिवशी नव्हता.”

“मग कावून सांगितलं रे तसं?” माझा आवाज चढला. चढू दिला मी.

“मंग काय सांगू मामी? दांडा मांगत होती, म्या लावला नाही, असं सांगू?”

मी त्याला जवळ घेतलं. ताईंचा मुलगा आहे, घेणारच. पण राग गेला असं कोणी समजू नये. माणूस आपल्या जिवाला लागलेली टोचणी दुसऱ्याच्या पदरात टाकतो, हे मला कळतं. पण ती टाकायला त्याला सापडली ती मेलेली आई, आणि तिनं उभ्या जन्मात स्वतःच्या हौसेनं केलेली ही एकच गोष्ट! ज्या वासासाठी ती शाळेतल्या त्या रुमालाशी जन्मभर लढली, तोच वास तिच्या मरणाचं कारण म्हणून लोकांच्या तोंडी जावा? मी त्याला म्हटलं, “मला सांगून काय उपयोग? मांडवात बोललास, तेवढ्याच लोकांना सांग.” तो म्हणाला, “मी फोन करतो एकेकाले. तुमी पेपरात लिहा मामी. माह्यं नाव टाकून लिहा.”

टाकलं आहे.

जाताना त्यानं एक बाटली मागितली. मी दिली नाही. बरणी धुऊन, उन्हात वाळवून फडताळावर ठेवली आहे. पुढच्या वर्षी जयंतीच्या दुसऱ्या दिवशी ती घेऊन अकोल्याला जाणार आहे, कारण आमच्या अमरावतीचं ऊन चहा कोमट करायच्या कामाचं आहे, हे आता कबूल करायला माझी हरकत नाही. गच्चीवर जायच्या आधी त्या बाथरूममध्ये जाईन. भिंतीत दांडा दिसला तर धरून, हिसके देऊन पाहीन. पक्का असला, तरच पौर्णिमेला प्रशांतच्या डोक्यावर तेल.