वहिनीची फास्ट लेन्स

लेन्स ‘फास्ट’ आहे असं वहिनीने सांगितलं तेव्हा मी विचारलं, “म्हणजे पळते का?” तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचे प्रश्न मी गिळले. मग तिनेच समजावून सांगितलं. फास्ट म्हणजे मोठ्या डोळ्याची लेन्स. अंधुक जागेतही ती भरपूर उजेड आत घेते, त्यामुळे पळणारं माणूस फोटोत पुसट होत नाही. आणि झूम म्हणजे लांबचं जवळ. हे दोन्ही एकाच नळकांड्यात हवं असेल तर ते नळकांडं खलबत्त्याएवढं जड होतं, आणि उचलायला दीर लागतो. दुकानदाराने ती दोन दिवस वापरून बघायला दिली होती.

माझी वहिनी जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये फोटो काढते, माझ्या भावाशी लग्न व्हायच्या आधीपासून. मुली पळत येतात, फळीवर पाय आपटतात आणि घोड्यावरून उडी मारतात. घोडा म्हणजे तो चामड्याने मढवलेला उंच ठोकळा. वहिनी मॅटच्या कडेला मांडी ठोकून बसायची आणि मुलगी हवेत सगळ्यात उंच असताना फोटो काढायची. एका उडीला एकच फोटो. बाकीचे लोक बटण दाबून धरतात आणि ढीगभर फोटोंतून एक निवडतात. वहिनीला त्यांची कीव येते. तिला या गोष्टीचा भलता ताठा आहे, आणि मला विचाराल तर तो तिला शोभतो.

या वर्षी कुणा हौशी फोटोवाल्याच्या बॅगेच्या पट्ट्यात अडकून एक मुलगी पडली. तेव्हापासून फोटोवाल्यांना खाली बंदी. सगळ्यांनी वर, काचेआडच्या गॅलरीत. हॉलच्या मुख्य प्रशिक्षिकेला सगळे मागून शिट्टीबाई म्हणतात, कारण त्या रागावल्या की बोलत नाहीत, शिट्टी फुंकतात. वहिनीला मात्र त्यांनी सरळ सांगितलं.

“उद्या निवड चाचणी आहे. वरून जमलं तर काम तुमचंच. नाही जमलं तर एक तरुण मुलगा विचारून गेलाय. मला फोटो हवेत, त्यात माझा नाइलाज आहे.”

“जमेल,” वहिनी म्हणाली. जमेल म्हणायला तिला कधीच वेळ लागत नाही.

घरी आल्यावर दादाने लेन्सचा ताबा घेतला. माझा भाऊ नवी बादली घेतानासुद्धा चार लोकांची मतं वाचतो. त्याने भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं, कॅमेरा तिकाटण्यावर बसवला आणि फोटो काढून तो कोपऱ्यातली अक्षरं मोठी करून बघत बसला.

“कोपरे जरा नरम आहेत, अक्षरं पुसट येतायत,” तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला.

“अहो, कोपऱ्यात कोण उडी मारतंय?” वहिनी म्हणाली. “आणि वर्तमानपत्र जागचं हलत नाही. भाऊजी, चला, पळा.”

भाऊजी म्हणजे मी. बेकरीत पहाटेची पाळी करून आलेलो, पाठ टेकायला आसुसलेलो. पण वहिनीपुढे बोलायची सोय नाही. इमारतीच्या अंधाऱ्या व्हरांड्यात तिने मला टोकापासून तिच्याकडे पुन्हा पुन्हा पळायला लावलं. शेजारच्या आजींनी दार उघडून पाहिलं आणि काही न विचारता लावून घेतलं. फोटो बघितले तर माझी पापणी न् पापणी मोजता येत होती. पोटही दिसत होतं, पण तो लेन्सचा दोष नव्हता. मग वहिनीने ती एका हाताने डोळ्याशी धरली, दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला आणि तिच्या आईशी भरपूर गप्पा मारल्या. एवढं जड नळकांडं, पण हात जागचा हलला नाही.

“लेन्स पास,” ती म्हणाली.

संध्याकाळी सरावाच्या वेळी आम्ही गॅलरीत गेलो. काचेत आमचीच तोंडं दिसत होती, तर दादाने लेन्सचं पुढचं रबर काचेला टेकवायला सांगितलं आणि तोंडं गेली. अधूनमधून त्याच्या वाचनाचाही उपयोग होतो. वहिनीने प्रत्येक मुलीचा एकेक फोटो काढला आणि मग पडद्यावर बघायला लागली. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

सगळे फोटो लख्ख होते आणि सगळे उशिराचे. प्रत्येक फोटोत मुलगी खाली येत होती. एकीचे पाय तर मॅटला टेकलेही होते.

“बटण दाबून धर ना,” दादा म्हणाला. “एखादा तरी लागेल.”

“एखादा तरी लागेल? मी काय दगडाने आंबे पाडतेय?”

तिने चिडून कॅमेरा माझ्या हातात कोंबला. गॅलरीतून खाली येताना तिच्या लक्षात आलं. मधलं दार उघडलं, फळीचा धाडकन आवाज आला, आणि तिचं बोट कॅमेरा नसताना हवेत दाबलं गेलं. ती तिथेच थांबली.

“मी कानाने फोटो काढत होते,” ती म्हणाली. “इतकी वर्षं. आवाज आला की बोट दाबायचं. मला माहीतच नव्हतं हो.”

इथेच घोडं पेंड खात होतं. काचेआड आवाज येत नव्हता. लेन्स पास झाली होती आणि नापास होण्याची वेळ वहिनीवर आली होती. ती रात्री नीट जेवली नाही. मला तिची काळजी वाटली, आणि काळजी वाटली की मला राग येतो, म्हणून मी उगाच दादाशी भांडलो.

दुसऱ्या दिवशी चाचणी सुरू होण्याआधी मुली अंग मोकळं करत उड्या मारत होत्या. वहिनी लेन्स डोळ्याला लावून बसली, पण बटणाला हात लावेना. एक मुलगी आली, गेली. दुसरी आली, गेली.

“वहिनी, एखादा काढून तरी बघा.”

“गप्प बसा हो. डोळे बघतेय.”

मुली आमच्याच दिशेने पळत येत होत्या आणि लेन्समधून त्यांचे चेहरे तिला हातभर अंतरावर दिसत होते. मुलगी पळताना फळीकडे बघते. फळीवर पाय पडायच्या जरा आधी तिची नजर उठते आणि घोड्यावर जाते. हे खाली मॅटवर बसून कधीच दिसलं नसतं. नजर उठली की क्षणभर थांबून बोट दाबायचं, हे वहिनीने तिथे बसून शोधलं.

चाचणी सुरू झाली. पहिलीचा फोटो थोडा लवकरचा आला. दुसरीचा अचूक. त्यानंतर एकही चुकला नाही. माझा ऊर असा भरून आला की मी शेजारच्या अनोळखी बापाला सांगितलं, ही माझी वहिनी.

पण एक गोष्ट मला समजेना. ती आता एका मुलीचे दोन फोटो काढत होती. एक हवेतला आणि एक त्याच्या आधी, मुलगी पळायला उभी राहते तेव्हाचा.

चाचणी संपल्यावर शिट्टीबाई वर आल्या. उड्यांचे फोटो बघून त्यांनी मान हलवली, म्हणजे काम वहिनीचंच. मग दुसरे फोटो आले आणि त्या थांबल्या. पडद्यावर हॉलमधली सगळ्यात लहान मुलगी होती, टिकली. धीट म्हणून तिचं उदाहरण सगळ्यांना दिलं जायचं. फोटोत तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळ्यांत पाणी होतं. पुढच्या फोटोत ती सगळ्यांहून उंच हवेत होती.

“ही घाबरते?” शिट्टीबाईंनी विचारलं.

“सगळ्याच घाबरतात. ही जास्त.”

शिट्टीबाईंनी टिकलीचा पहिला फोटो पुन्हा मागे घेऊन बघितला. मग म्हणाल्या, “तुम्ही खाली येऊन बसत जा. तुमच्यापुरता नियम मी बघते.”

मला आनंद झाला. आता लेन्स परत जाणार म्हणून मी ती काढून डब्यात ठेवायला हात पुढे केला. वहिनीने तो बाजूला सारला.

“नको, मॅडम. खाली बसून मी नुसत्या उड्या काढल्या. पोरी मला काल-आजच दिसल्या.”

मग तिने दुकानदाराला फोन लावला आणि लेन्स परत येणार नाही असं सांगितलं.